मोर्चाचा अर्ज

मोर्चा काढायचा तर आधी अर्ज करावा लागतो, हे आमच्यातल्या निम्म्या पोरांना माहीतच नव्हतं. सहा-सहा, सात-सात वर्षं फक्त अर्ज भरत आलेली माणसं आम्ही. राग काढायला निघालो, तर तिथंही पहिला प्रश्न तोच: अर्ज कुणाच्या नावे करायचा, आणि खाली सही कुणाची?

गोष्ट २०२३ ची. जळगावात रिंगरोडच्या बाजूला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची अभ्यासिका होती. महिन्याला सातशे रुपये, टेबल ठरलेलं, पंखा नशिबावर. तिथं कुणालाच नावानं हाक मारत नसत. जामनेर, चाळीसगाव, यावल, भडगाव, जो ज्या तालुक्याचा तेच त्याचं नाव. मी धरणगाव. अपवाद एकच, पारोळ्याचे अण्णा. ते चव्वेचाळीस वर्षांचे, त्यामुळे त्यांना ‘पारोळा’ म्हणायला जीभ धजत नसे. मागासवर्गाला वयाची अट त्रेचाळीसची. पण त्या मार्चमध्ये सरकारनं ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत निघणाऱ्या जाहिरातींसाठी दोन वर्षांची सूट दिली, म्हणून अण्णा पुन्हा टेबलावर येऊन बसले होते. पारोळ्याला त्यांची दोन पोरं शाळेत होती. मोठा नववीला. दोघा बापलेकांची परीक्षा एकाच वेळी आली की अण्णा हसून सांगायचे, "घरात मार्क फक्त त्यालाच पडतात."

त्या वर्षी जाहिराती निघाल्या होत्या, हे मान्य करायला हवं. तलाठ्याच्या ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. जिल्हा परिषदांच्या १९,४६० जागा निघाल्या. फी खुल्याला हजार, आम्हाला नऊशे, आणि जिल्हा परिषदेला पद बदललं की फी वेगळी. आरोग्य सेवकाचे नऊशे भरले, ग्रामसेवकाचे नऊशे, वरिष्ठ सहायकाचा फॉर्म उघडला आणि तसाच बंद केला. याच जिल्हा परिषदेचा फॉर्म मी २०१९ लाही भरला होता. ती परीक्षा झालीच नाही. २०२२ मध्ये भरतीच रद्द केली. म्हणजे तेवीस सालच्या परीक्षेला बसताना माझ्या अभ्यासाला चार वर्षं झाली होती आणि पेपर मात्र पहिलाच.

तलाठीचा माझा पेपर २१ ऑगस्टला होता. नंबर लागला संभाजीनगरला. रात्रीच्या एसटीनं अजिंठ्याचा घाट चढून पहाटे पोचलो, स्टँडवर तोंड धुतलं, केंद्रावर गेलो, तर सकाळी सर्व्हर बसलेला. एका केंद्राचा नाही, राज्यभराचा. दोनेक तास गेटबाहेर उभे होतो. आत गेलो तेव्हा डोळ्यांवर झोप आणि पोटात फक्त चहा. तो पेपर कसा गेला हे मी घरी सांगितलं नाही, इथंही सांगत नाही.

आणि मग ६ सप्टेंबरचा जीआर. सरकारी, निमसरकारी कार्यालयांना लागणारं मनुष्यबळ बाहेरच्या एजन्सीकडून घ्यायचं, त्यासाठी नऊ एजन्स्यांचं पॅनल. माणसांचे चार वर्ग: अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल. अभ्यासिकेत ती पीडीएफ सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच दुपारी आली. कुणी बोलेना. नुसता स्क्रीन वर सरकवण्याचा उद्योग. शेवटी चाळीसगाव म्हणाला, "आपण यात कशात बसतो रे?" यावल म्हणाला, "बीए ना तू? अर्धा." तेवढ्यावर जो हशा झाला तो खालच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत गेला.

पण राग होताच. मी स्वतः एमआयडीसीत चटईच्या कंपनीत चार महिने ठेकेदाराकडे रात्रपाळी केली आहे. ठेकेदाराकडचं काम म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पगार कुणी दिला हे कळतं, कापला कुणी हे कळत नाही. शेतात राबणाऱ्या बापानं पोराला सात वर्षं जळगावात ठेवलं ते पुन्हा त्याच रांगेत उभं राहायला नाही.

मोर्चाची कल्पना चोपड्याच्या ताईची. त्या डी.एड. झालेल्या. टेट, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास. शिक्षकांची अभियोग्यता चाचणी २०१७ ला दिली, २०२३ ला परत दिली, आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर जाहिरात येण्याची वाट बघत होत्या. पोराला शाळेत सोडून बाराच्या एसटीनं यायच्या. म्हणाल्या, "फेब्रुवारीत पुण्याची पोरं रस्त्यावर बसली, तेव्हा लोकसेवा आयोगानं राज्यसेवेचा नवा पॅटर्न २०२५ वर ढकलला ना? आपण खान्देशातले, आपल्याला पाय नाहीत का?"

मग संध्याकाळी शिवतीर्थ मैदानावर बैठक. साठेक जण होते. पहिला अर्धा तास तारखेत गेला, कारण पित्तरपाटा चालू होत होता. कुणी म्हणे, पितरांत चांगलं काम सुरू करू नये. दुसरा म्हणे, हे चांगलं काम थोडंच आहे. तिसऱ्याची अडचण खरी होती: त्याला त्या पंधरवड्यात चार घरी पितर म्हणून जेवायचं बोलावणं होतं. आमच्याकडे तेवढी एक मागणी बारमाही आहे. भर दुपारी मोकळा असलेला पुरुष माणूस लागला की सगळ्यांना बेरोजगार पोरगाच आठवतो. शेवटी ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ठरला, सोमवार.

मग भडगावनं विचारलं, "परवानगीच्या अर्जावर सह्या कुणाकुणाच्या?"

साठ जणांचं मैदान गप्प झालं.

ही शांतता बाहेरच्या माणसाला भित्रेपणा वाटेल. तो तसा नव्हता. सरकारी नोकरीत निवड झाली की साक्षांकन नमुना भरावा लागतो. त्यात विचारतात: तुम्हाला कधी अटक झाली होती का, तुमच्यावर खटला चालू आहे का? मग चारित्र्य पडताळणी होते. मोर्चात कुणी एक दगड मारला, कुणी दुभाजकावर चढला, तर गुन्हा आधी अर्जावर ज्यांची नावं आहेत त्यांच्यावर. लपवलं तर लागलेली नोकरी जाते, आणि सांगितलं तर लागणारी अडकते. म्हणजे नोकरी मागायला जावं आणि मागितली म्हणूनच ती जावी. पोलीस भरतीची पोरं तर बैठकीत मागच्या मागं उठून जायला लागली. त्यांना कुणी अडवलं नाही. जानेवारीपासून रोज पहाटे सोळाशे मीटर धावणाऱ्या पोराला ‘तू सही कर’ म्हणायचं तोंड कुणाला होतं?

अण्णांनी खिशातला पेन काढला. "आणा इकडे. डिसेंबरनंतर माझी पडताळणी करायला कुणी येणार नाही."

पण पोलिसांना पाच नावं हवी होती. दुसरी सही ताईंनी केली. तिसरी चाळीसगावची, चौथी यावलची. पाचवी माझी. मी शूर म्हणून नाही केली. अर्ज लिहिला मी, कागद माझ्या मांडीवर होता, पेन अण्णांनी माझ्याच हातात परत दिला. अशा वेळी माणूस सही करतो.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. मोर्चे, धरणं, उपोषणं यांचं काम गोपनीयचे हवालदार बघतात. आमचे हवालदार पन्नाशीचे, टेबलावर जेवणाचा डबा तसाच. त्यांनी अर्ज वाचला आणि लाल पेननं खूण करायला लागले, अगदी शाळेतल्या गुरुजींसारखं.

"किती पोरं?"

"हजार येतील, साहेब."

त्यांनी माझ्याकडे न बघता ‘अंदाजे ३००’ लिहिलं. "पाणी ठेवा. ऊन आहे. लाउडस्पीकर कशावर?"

"छोटा हत्ती आहे."

"त्याची कागदपत्रं, ड्रायव्हरचं लायसन, पाचांचे आधार. अर्जाची एकेक प्रत एसपी ऑफिसला, कलेक्टर ऑफिसला आणि वाहतूक शाखेला. पोच घेऊन मला दाखवा." मग आमच्या निवेदनाचा मसुदा त्यांनी मागून घेतला, जो खरं तर त्यांचा विषय नव्हता. "हे काय, नुसतं ‘महोदय’? विषय लिहा. संदर्भ लिहा. संदर्भात जीआरचा नंबर आणि तारीख टाका, नाहीतर मुंबईत कुणाच्या टेबलावर जायचं हेच कळणार नाही. आणि मागण्या किती? चौदा? चौदा मागण्या कोण वाचतो भाऊ? पाच करा."

आम्ही सहा केल्या. कंत्राटी भरतीचा जीआर रद्द करा, रिक्त पदांचा आकडा जाहीर करा, फी कमी करा, एका जाहिरातीत एकदाच फी घ्या, केंद्र शक्यतो जिल्ह्यातच द्या, पेपरफुटीविरुद्ध कडक कायदा करा. सातवी ताईंनी आग्रहानं घातली होती, शिक्षक भरतीची. ती आम्ही पहिल्या मागणीच्या पोटात बसवली, तर ताई दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. त्यांचं बरोबर होतं.

परवानगी मिळाली आणि तिच्यासोबत एक नोटीस. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४९. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१)(३) चा जमावबंदी आदेश लागू आहे, प्रक्षोभक घोषणा देऊ नयेत, वाहतूक अडवू नये, पुतळा जाळू नये, काही अनुचित घडल्यास ही नोटीस तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाईल. खाली ‘नोटीस मिळाली’ लिहून सही, तारीख आणि वेळ. मी वेळ लिहिली दुपारी १२.४०. हवालदारांनी भिंतीवरचं घड्याळ पाहून ती १२.५० केली, "आपलं घड्याळ पुढे आहे."

खर्चाला प्रत्येकी पन्नास. फ्लेक्स एकच केला, बाकी खोक्यांचे पुठ्ठे. पाट्यांवर काय लिहायचं यावर वाद झाले. प्रत्येकाला कविता सुचत होती. मग अण्णांनी एक साधी गोष्ट सांगितली: ज्यानं त्यानं आजवर भरलेल्या फीचा हिशोब लिहा, बाकी काही नको. त्या रात्री अभ्यासिकेत पहिल्यांदा अभ्यास सोडून बेरीज चालली. जुने ईमेल, बँकेचे मेसेज, फाइलींत दडलेली चलनं. माझ्या पुठ्ठ्यावर आकडा आला ११,३५०. चाळीसगावचा १७,०००. जाण्या-येण्याचं भाडं, लॉज, रात्री स्टँडवर खाल्लेला वडापाव यात धरला नव्हता. अण्णांनी पुठ्ठ्यावर रुपये लिहिले नाहीत. त्यांनी लिहिलं ‘जन्म १९७९’. एवढंच.

सोमवारी सकाळी अकराला शिवतीर्थावर बरोबर चाळीस जण होते. पोटात गोळा आला. साडेअकराला एसटी आणि भुसावळकडच्या गाड्या पोचल्या आणि माणसं वाढायला लागली. बाराला मोर्चा निघाला तेव्हा मी गाडीवर चढून मोजले, दोनशे ऐंशीच्या आसपास. हवालदार लांबून माझ्याकडे बघत होते. त्यांनी हातानंच तीनशेची खूण केली, वीस माणसं त्यांनी आमच्या पदरात टाकली.

ऑक्टोबरचं ऊन जळगावात कसं असतं हे जळगावकरांना सांगायला नको. कोर्ट चौक, नवीन बसस्थानक, स्वातंत्र्य चौक, तिथून जिल्हाधिकारी कार्यालय. अंतर फार नाही. पण पहिल्या दोनशे पावलांत मला घाम फुटला तो उन्हानं नाही. लोक बघत होते. बेरोजगार असणं ही एरवी लपवायची गोष्ट. गावी कुणी विचारलं तर ‘क्लास चालू आहे’, ‘रिझल्ट लागायचा आहे’. आणि इथं भर रस्त्यात गळ्यात पुठ्ठा अडकवून, तीन-तीनच्या रांगेत, आम्ही हेच सांगत चाललो होतो. बसस्थानकासमोर आमच्या गावची गाडी लागलेली दिसली. मी पुठ्ठा जरा वर धरला, तोंडासमोर.

पोलिसांचा एक जण कॅमेऱ्यानं शूटिंग करत होता. कॅमेरा वळला की पोरांचे रुमाल नाकावर चढायचे. पोरींना ती चिंता नव्हती. जळगावच्या उन्हात पोरगी स्कार्फ बांधल्याशिवाय घराबाहेर पडतच नाही, ओळखणार कोण?

घोषणा आधी जमेनात. ‘कोण म्हणतं देणार नाही’ म्हणताना प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघायचा. ताईंनी माइक घेतला आणि आवाज लागला. शाळेत शिकवायला मिळालं नाही, तो सगळा आवाज त्या दिवशी बाहेर पडला. स्वातंत्र्य चौकात त्यांनी एकदम अहिराणी धरली: "पैसा आमना, नोकरी कोनी?" मागून दोनशे ऐंशी गळे: "कोनी?" तिथं मात्र रस्त्याकडेचे रिक्षावालेही हसले आणि एकानं हॉर्न वाजवून ताल धरला. फेसबुकवर त्या दिवशीचा जो व्हिडिओ फिरला तो तेवढाच, बावीस सेकंदांचा.

गेटवर बॅरिकेड्स. भाषणं झाली. एका पक्षाचे स्थानिक पुढारी पाठिंबा द्यायला आले, पाठोपाठ दुसऱ्या पक्षाचे. आम्ही ठरवलं होतं की माइक कुणालाच द्यायचा नाही, तरी एकानं घेतलाच आणि अकरा मिनिटं बोलले. त्यांच्या भाषणात मक्याचे भाव होते, कापूस होता, केळीचा विमा होता. फक्त आम्ही नव्हतो.

पाच जणांनाच आत सोडणार होते. ज्यांच्या सह्या तेच पाच. निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात आम्ही उभे. अण्णांनी निवेदन दोन्ही हातांनी दिलं, एखाद्याला पत्रिका द्यावी तसं. साहेबांनी ते उभ्यानं घेतलं, फोटो झाला. मग ते बसले आणि खरंच वाचलं, संदर्भ क्रमांकासकट. म्हणाले, "शासनाकडे आजच पाठवतो." आमच्याशी चार मिनिटं बोलले, नीट बोलले. ताईंना विचारलं, "आपण कुठल्या पदासाठी?" ताई म्हणाल्या, "शिक्षक. पण सध्या कुठल्याही." बाहेर पडताना माझं लक्ष दालनाबाहेरच्या शिपायाकडे गेलं. तो पाणी देत होता आणि मी मनातल्या मनात त्याच्या पदाची पात्रता, वेतनश्रेणी आणि फी मोजत होतो. ही सवय जाता जात नाही.

मग आवक शाखेत. बाईंनी आमच्या प्रतीवर गोल शिक्का मारला, खाली तारीख, सही आणि आवक क्रमांक. शिक्का पहिल्यांदा अर्धाच उमटला. अण्णा म्हणाले, "मॅडम, पुन्हा एकदा." त्यांनी पॅडवर दाबून पुन्हा मारला. निळा, ठळक. अण्णा तो वाळेपर्यंत फुंकर घालत उभे राहिले.

संध्याकाळी आबांचा फोन. कुणीतरी फोटो दाखवलाच होता.

"मोर्चामां पुढे तूच व्हता ना?"

"पुढे नही आबा. तिसरी रांगमां."

पलीकडे कापसाच्या वेचणीच्या बायांचा गलका चालला होता. थोड्या वेळानं म्हणाले, "मंग पुढेच चालाले जोयजे व्हतं." आणि फोन ठेवला.

२० ऑक्टोबरला उपमुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की कंत्राटी भरतीचा जीआर रद्द. आमच्या दोनशे ऐंशी माणसांमुळे झालं असं मी म्हणत नाही, मोर्चे राज्यभर निघत होते आणि निवडणुकाही फार लांब नव्हत्या. अभ्यासिकेत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा आपापल्या टेबलावर. रद्द झाला होता तो जीआर, जागा काही वाढल्या नव्हत्या. तलाठीचा निकाल जानेवारीत लागला. वेगवेगळ्या पाळ्यांतल्या पेपरांचे गुण समान पातळीवर आणायच्या नॉर्मलायझेशननं कुणाला दोनशेपैकी दोनशे चौदा पडले. माझे तेवढे नव्हते. गुन्हा मात्र आमच्यावर दाखल झाला नाही, ती १४९ ची नोटीस अजून फाइलीत आहे.

अण्णांनी डिसेंबरअखेर टेबल सोडलं. पुस्तकं यावलला देऊन टाकली. आता पारोळ्याला बी-बियाण्याच्या दुकानात हिशोब बघतात. मागच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. मला वाटलं, पोराच्या निकालाचं काही असेल.

"धरणगाव, ती निवेदनाची पोच तुझ्याकडेच आहे ना?"

"आहे अण्णा. फाइलीत."

"एक झेरॉक्स पाठव ना भाऊ. पोराला दाखवायची आहे." मग जरा थांबून म्हणाले, "कलर काढ पण. शिक्का निळा दिसला पाहिजे."